माल कुठला, यापेक्षा आणला कोणी?

पुण्याच्या तपकीर गल्लीत दिव्यांची माळ घ्या, इस्त्री घ्या, नाहीतर साधा होल्डर घ्या. दुकानदार वस्तू कागदात गुंडाळायच्या आधी गल्ल्याशेजारच्या बोर्डाला लावून दाखवतो. दिवा लागला की गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघतो, मग खोक्यावर दुकानाचा शिक्का मारून त्यावर तारीख टाकतो. लहानपणी बाबांचं बोट धरून बुधवार पेठेत गेले की तो शिक्का मारल्याचा आवाज मला फार आवडायचा. त्याचा अर्थ मात्र पुष्कळ उशिरा कळला. माल तैवानचा असो, चीनचा असो की भोसरीतल्या एखाद्या शेडमधला असो, तो बिघडला तर कोणाच्या पायरीशी जाऊन उभं राहायचं, ते त्या निळ्या शिक्क्यात लिहिलेलं असायचं.

मागच्या वर्षी त्याच बाबांसाठी आम्ही रक्तदाब मोजायचं यंत्र ऑनलाइन मागवलं. बाबा ७८ वर्षांचे. रोज सकाळी चहाच्या आधी आकडा घेतात आणि दोनशे पानी वहीत लिहून ठेवतात. यंत्र माझ्या भावाने निवडलं, रात्री अकरा वाजता, मोबाईलवर. नंतर मी त्याला विचारलं, काय काय बघितलं होतंस? तो म्हणाला, "कंपनी जपानी, साडेचारच्या आसपास स्टार, वर चाळीस टक्के सूट. अजून काय बघायचं असतं, ताई?" मी त्याला दोष देत नाही. मीही हेच बघितलं असतं.

चार महिन्यांनी ते यंत्र बंद पडलं. पण खरा धक्का बंद पडण्याचा नव्हता. त्याआधीचे पंधरा दिवस ते कमी आकडे दाखवत होतं आणि बाबा खूश होते. डॉक्टरांनी मोजलं तेव्हा कळलं की वहीतला तो सगळा आनंद खोटा होता. बाबा यंत्र पिशवीत घालून कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. तिथल्या मुलीने मागचा क्रमांक तपासला आणि म्हणाली, "काका, हा आमच्या आयातदारानं आणलेला नग नाही. याला इथली वॉरंटी लागू होत नाही." घरी येऊन खोकं शोधलं. खोक्यावर जपानी मजकूर होता, इंग्रजी मजकूर होता, भारतात हे कोणी आणलं त्याचं नाव, पत्ता, फोन असलेलं स्टिकर मात्र कुठेही नव्हतं. विक्रेत्याचं पान ॲपवरून नाहीसं झालं होतं. ॲपवाल्यांनी सांगितलं की वस्तू परत करायची मुदत दहा दिवसांची होती.

तेव्हापासून मी या एका प्रश्नाच्या मागे लागले आहे. परदेशी वस्तू ऑनलाइन घेताना आपण ठरवतो ते नेमकं कशावर? आणि ज्यावर ठरवायला हवं, ते आपल्या डोळ्यांसमोर का येत नाही? आपल्याकडे म्हण आहे, पाण्यात म्हैस, वर मोल. म्हैस पाण्यात बसलेली, तिचे दात दिसत नाहीत, पाय दिसत नाहीत, आणि काठावर उभं राहून सौदा चाललेला. ऑनलाइन खरेदीत सगळ्याच म्हशी पाण्यात असतात. परदेशी मालाची तर दुसऱ्या तळ्यात असते.

आपण सर्वांत आधी बघतो ते देशाचं नाव. ही सवय मोबाईलची नाही, फार जुनी आहे. आपल्या बोलण्यात 'विलायती' हा शब्द किती सहज मानाचा झाला ते आठवा. माझ्या आजीच्या कपाटात विलायती कात्री होती आणि तिला हात लावायची परवानगी नव्हती. देशाच्या नावाने माणसाचं मत बदलतं हे अभ्यासकांनी तपासूनही बघितलं आहे. १९६५ मध्ये रॉबर्ट स्कूलर यांनी ग्वाटेमालातल्या विद्यार्थ्यांसमोर एकच माल वेगवेगळ्या देशांच्या नावांनी ठेवला. माल तोच असूनही देशाचं नाव बदलताच विद्यार्थ्यांनी त्याला दिलेली पसंती बदलली.

हे नाव कायमचं चांगलं किंवा कायमचं वाईटही राहत नाही. १८८७ मध्ये ब्रिटनने कायदा केला, परदेशी मालावर तो कुठे बनला ते छापायला लावलं. हेतू असा की 'मेड इन जर्मनी' वाचून इंग्रज गिऱ्हाइकाने तो हलका माल बाजूला सारावा. पुढच्या काही दशकांत तेच शब्द चांगल्या मालाची खूण झाले.

पुण्याला तर देश बघून खरेदी करण्याचा, आणि देश बघून खरेदी नाकारण्याचा, मोठा वारसा आहे. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबाराला हातसुताच्या खादीत गेले. १९०५ मध्ये लोकमान्यांच्या उपस्थितीत परदेशी कपड्यांची होळी याच शहराने केली. त्याच काळात अंताजी दामोदर काळे एकेक पैसा गोळा करत हिंडले आणि त्या पैसा फंडातून तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. मला या तिन्हींत तिसरी गोष्ट सर्वांत जवळची वाटते, कारण तिथे नाकारण्याच्या पुढे जाऊन कोणीतरी स्वतःच्या नावावर जबाबदारी घेतली. आणि हे सगळं इतिहासजमा झालं आहे असंही नाही. मे २०२५ मध्ये मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानची सफरचंदं घ्यायची नाहीत असं ठरवलं आणि गिऱ्हाइकांनी त्यांना साथ दिली. त्याआधी २०२० मध्ये गलवाननंतर घरोघरी चार्जरच्या मागचं बारीक अक्षर वाचलं जात होतं.

देशप्रेमाने खरेदी ठरवणाऱ्याबद्दल मला आदर आहे. स्वतःचा पैसा कुठे जाऊ द्यायचा हे ठरवायचा त्याला पूर्ण हक्क आहे. पण 'अमुक देशाचं म्हणजे उत्तम' आणि 'तमुक देशाचं म्हणजे टाकाऊ' या दोन्ही वाक्यांत पारख करण्याचं काम आपण नकाशावर सोपवतो. आमचं यंत्र जपानी कंपनीचं होतं, बनलं होतं व्हिएतनाममध्ये, आणि आमच्यापर्यंत आलं ते कोणत्या वाटेने याचा आजही पत्ता नाही. यातला कुठला देश बघायचा? कंपनी एका देशाची, कारखाना दुसऱ्या देशात, सुटे भाग चार देशांतले, अशी आज कितीतरी वस्तूंची कुंडली असते. देशाचं नाव वाचून मनाला आधार मिळतो खरा, पण पट्ट्यात हवा भरायची थांबली तर जपान देश फोन उचलत नाही.

दुसरी गोष्ट भाव. यात आपण किती सहज वाहून जातो ते सांगणारा एक प्रयोग मला विसरता येत नाही. १९७४ मध्ये ट्वर्स्की आणि काहनेमन या मानसशास्त्रज्ञांनी लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं. ते मुद्दाम १० किंवा ६५ वरच थांबायचं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के असतील? ज्यांनी १० बघितला त्यांचा अंदाज साधारण २५ च्या आसपास आला, ६५ बघणाऱ्यांचा ४५ च्या. चक्राचा आणि प्रश्नाचा काडीचा संबंध नव्हता. पडद्यावर काट मारलेली मोठी किंमत हेच करते. ५,९९९ वर रेघ आणि खाली ३,५९९ दिसलं की आपण ३,५९९ कडे स्वतंत्रपणे बघूच शकत नाही.

आयात मालात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. देशी वस्तूची एमआरपी निर्माता छापतो. परदेशी वस्तूवर ती आयातदार चिकटवतो. म्हणजे ज्या आकड्यावरून सूट मोजली जाते, तो आकडा सांगणारा माणूस कोण आहे हे आपल्याला माहीत नसेल, तर 'चाळीस टक्के सूट' या शब्दांना अर्थ काय उरतो? कशाचे चाळीस टक्के? थेट परदेशी साइटवरून मागवणाऱ्याची अडचण वेगळी. तिथे भाव स्वस्त दिसतो, पण सीमाशुल्क, आयजीएसटी म्हणजे आयातीवरचा जीएसटी आणि कुरियरचा आकार मिळून दारात येणारा आकडा ऑर्डर देताना दिसलेला नसतो. 'भेट म्हणून पाठवलंय' अशी पळवाटही डिसेंबर २०१९ पासून बंद आहे. जीवरक्षक औषधं आणि राखी सोडून पोस्टाने किंवा कुरियरने येणारी वस्तू भेट म्हणून शुल्क न भरता सोडवून घेता येत नाही. हे माहीत नसल्यामुळे आमच्या सोसायटीतच दोन घरी पार्सल नाकारायची वेळ आली.

तिसरे, स्टार आणि रिव्ह्यू. माझी भाची या बाबतीत आमच्या घरातली सर्वांत हुशार. कोरियन सीरम, सनस्क्रीन यांतलं तिला सगळं कळतं. ती म्हणते, "मावशी, पाच स्टारवाले वाचूच नकोस, आधी एक स्टारवाले वाच. आणि त्यातही तारीख बघ." तिच्यामुळे मला एक गोष्ट लक्षात आली, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची गाठ तिथेच आहे. बऱ्याच मोठ्या ॲपवर एका वस्तूचं एकच पान असतं आणि ती वस्तू विकणारे अनेक असतात. स्टार असतात ते वस्तूला. हजारो लोकांनी ज्या विक्रेत्याकडून अस्सल, इथल्या वॉरंटीचा माल घेतला त्यांचं समाधान त्या पानावर जमा होतं, आणि आज त्याच पानावरून आपल्याला माल पाठवतो तो कोणी तिसराच. आम्ही साडेचार स्टार बघितले ते खोटे नव्हते. ते दुसऱ्याच वाटेने आलेल्या यंत्राचे होते.

रिव्ह्यू खरे असावेत म्हणून भारतीय मानक ब्यूरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीचे १३ प्रकार नावानिशी सांगून त्यांना मनाई केली. 'फक्त दोनच नग शिल्लक' अशी खोटी घाई त्यात येते, शेवटच्या पायरीला गुपचूप वाढणारी किंमतही येते. ही चांगली पावलं आहेत. पण ती पडदा स्वच्छ करतात. पडद्यामागे उभं कोण आहे, हा प्रश्न त्यांच्या कक्षेत येत नाही.

पुण्यात चौथाही एक प्रभाव आहे, तो म्हणजे घरातलं कोणीतरी परदेशात असणं. कोथरूड, औंध, बाणेरमध्ये दर दुसऱ्या घरात मुलगा किंवा मुलगी तिकडे. "आई, मी इथे हाच मिक्सर वापरतो, एकदम छान आहे," असं मुलाने सांगितलं की विषय संपला. मुलाचं म्हणणं खरंच असतं, तिकडच्या घरापुरतं. अमेरिकेत वीज १२० व्होल्टची, जपानमध्ये १०० ची, आपल्याकडे २३० ची. तिकडच्या बाजारासाठी बनलेला नग इकडे सॉकेटला लावला की एका मिनिटात जळका वास येतो. मायेने दिलेला सल्ला आणि इथल्या भिंतीतली वीज, यांच्या मध्ये उभं राहून 'हा नग इथे चालणार नाही' असं सांगणारं कोणीतरी लागतं. दुकानात तो दुकानदार असतो. आयात मालात ते काम आयातदाराचं आहे.

म्हणून माझं म्हणणं असं आहे की परदेशी वस्तू ऑनलाइन घेताना सर्वांत वजनदार माहिती ही देश, स्टार किंवा सूट यांपैकी कुठलीच नाही. ती आहे आयातदाराचं नाव आणि पत्ता. आणि ती किमतीच्या शेजारी, किमतीइतक्याच मोठ्या अक्षरांत दिसली पाहिजे.

यासाठी नवा कायदा मागायचीही गरज नाही. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या वैधमापन नियमांनुसार परदेशी मालाच्या वेष्टनावर आयातदाराचं नाव आणि पत्ता, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मूळ देश सांगणं आणि आयात वस्तूंच्या बाबतीत आयातदाराचा तपशील देणं बंधनकारक केलं आहे. सौंदर्यप्रसाधनं आयात करायला नोंदणी लागते, खाद्यपदार्थांवर आयातदाराचा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक (एफएसएसएआय) लागतो. नियम आहेत. ते पानाच्या तळाशी आहेत, 'अधिक माहिती' या शब्दांवर बोट ठेवल्यावर उघडणाऱ्या तिसऱ्या कप्प्यात आहेत. पुष्कळदा त्या कप्प्यात आयातदाराच्या जागी विक्रेत्याचंच नाव असतं, किंवा 'वेष्टनावर पाहा' एवढंच लिहिलेलं असतं. वेष्टन घरी येईल तेव्हा पैसे देऊन झालेले असतात.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने एक मसुदा प्रसिद्ध केला. आयात वस्तूंसाठी ई-कॉमर्स कंपन्यांनी मूळ देशानुसार शोधायची आणि क्रमाने लावून बघायची सोय द्यावी, असं त्यात म्हटलं होतं. ज्याला तुर्कस्तानचं नको किंवा चीनचं नको, त्याला ते एका क्लिकवर वगळता यावं. या सूचनेला माझा पाठिंबा आहे. पण तिच्यावर थांबलो तर आपण पुन्हा नकाशाकडेच बोट दाखवू. देशाच्या चाळणीबरोबर आयातदाराची चाळणीही हवी: कंपनीने नेमलेल्या आयातदाराचा माल एकीकडे, इतरांचा दुसरीकडे, आणि दोन्हींवर 'भारतात सर्व्हिस आहे' किंवा 'नाही' असं सरळ मराठीत लिहिलेलं. समांतर मार्गाने, म्हणजे कंपनीने न नेमलेल्या आयातदाराकडून येणारा माल बंद करा असं मी म्हणत नाही. स्वस्तात मिळतो म्हणून जाणूनबुजून तो घेणारे आहेत, घेऊ देत. त्यांना ते जाणूनबुजून घेता यावं, एवढंच.

यावर मला नेहमी ऐकवलं जातं की कोणी वाचत नाही हो, लोक फक्त स्वस्त बघतात. मला हे पटत नाही. १ जानेवारी २०२१ पासून लहान मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. आज तुळशीबागेत खोकं उलटं करून ते चिन्ह शोधणाऱ्या आया मी स्वतः बघितल्या आहेत. त्या आयांनी कोणता नियम वाचला नव्हता. चिन्ह डोळ्याला दिसण्यासारखं होतं, म्हणून त्या बघायला शिकल्या. जे समोर ठेवलं जातं ते लोक वाचतात. स्टार ठळक ठेवले, लोक स्टार वाचायला लागले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. लहान विक्रेत्यांवर याचा बोजा पडेल का? ज्याने कायदेशीर माल आणला आहे त्याच्या खोक्यावर ते स्टिकर आहेच. तेच चार शब्द पानावर वर आणायचे आहेत. बोजा पडेल तो ज्याच्याकडे स्टिकरच नाही त्याच्यावर, आणि तो पडायलाच हवा.

आणि हा प्रश्न फक्त साडेतीन हजारांचं यंत्र घेणाऱ्यांचा नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनी मुलाच्या अभ्यासासाठी चारशे रुपयांचा परदेशी टेबलदिवा मागवला, दोन आठवड्यांत त्याचा चार्जर फुगला. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या ताई, चारशेच होते." मला ते 'चारशेच' फार लागलं. ते त्यांचे एका घरचे आठवड्याभराचे पैसे होते. तक्रार करायला लागणारा वेळ, इंग्रजीतला फॉर्म, चॅटवर उत्तरं देणारं यंत्र, हे सगळं परवडतं ते आपल्यासारख्यांना. ज्याला ते परवडत नाही, त्याला घेण्याआधीच नाव दिसणं हेच खरं संरक्षण. अशा चार्जरवर मानक ब्यूरोचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असावा लागतो आणि तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो, हे मी त्यांच्या मुलाला दाखवलं. त्याने दिव्याचा क्रमांक टाकला. नोंद सापडली नाही.

याच शहरात १९७४ मध्ये बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. तेव्हा डालड्याचा डबा आणि रॉकेलचं माप हे विषय होते. माप खोटं आहे हे ओळखायला गिऱ्हाईक शिकलं, कारण कोणीतरी त्याच्या हातात खरं माप दिलं. आजच्या गिऱ्हाइकाला आयातदाराचं नाव हे ते माप आहे.

आमच्या यंत्राची तक्रार मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. ॲपच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असा नियम आहे. पोच वेळेवर आली, पैसे यायला सव्वादोन महिने लागले. ग्राहक आयोगात जायची माझी तयारी होती. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण त्याआधीच पैसे जमा झाले.

नवं यंत्र घेताना भावाने तीन पानं उघडून माझ्यापुढे ठेवली. तिन्हींत कंपनी एकच, स्टार जवळजवळ सारखे. एका पानावर तळाशी आयातदाराचं नाव, भिवंडीचा पत्ता आणि फोन नंबर होता. पैसे भरण्याआधी मी त्या नंबरवर फोन लावला. तिसऱ्या रिंगला एका माणसाने उचलला, मॉडेलचा क्रमांक विचारला, आणि पट्टा खराब झाला तर पुण्यात कुठे बदलून मिळेल ते सांगितलं. हे यंत्र दोनशे रुपयांनी महाग होतं. आम्ही तेच घेतलं. बाबांनी वहीचं नवं पान उघडलं, वरच्या कोपऱ्यात खरेदीची तारीख घातली, त्याखाली भिवंडीचा तो नंबर लिहिला, आणि मग पहिला आकडा टिपला.